दादाजानचा परवाना

कसबा पेठ, पुणे
बुधवार, दुपार

प्रिय भाई,

जेलमध्ये मुलाखतीला आशू का येत नाही असं तू अम्मीला विचारलंस म्हणे. अम्मीने सांगितलं, शिलाईचं काम खूप आहे. काम आहेच, लग्नाचे दिवस आहेत, फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग कॉटवर पडलाय. पण मी येत नाही त्याचं कारण ते नाही. काचेपलीकडून मला तुझ्याशी बोलता येणार नाही. काच नसली तरी मला कोणाशी कुठे बोलता येतं, तुला माहितीये. म्हणून लिहितेय. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं मोठं काही लिहिलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. राधा मॅडम परवा वकीलपत्राच्या कामासाठी तुला भेटायला येणार आहेत, त्यांच्या हाती देतेय. अम्मीला यातलं काही माहीत नाही.

मुद्दा आधी लिहिते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तोच राहून जाईल. चोवीस तारखेला कोर्टात गुन्हा कबूल करू नकोस. तू मॅडमना म्हणालास ना, मला लढायचं नाही, कबूल करतो, काय ती शिक्षा होऊ दे, मला लवकर घरी जायचंय. आत कोणीतरी तुला सांगितलंय की तीनच झाडं होती, कबूल केलं की झाले तेवढ्या दिवसांवर सोडतात. मॅडम म्हणाल्या, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. लागवडीचं कलम दहा वर्षांपर्यंत जातं, जज काय देतील ते कोणी सांगू शकत नाही. आणि समजा सोडलंच, तरी कागदावर तू जन्मभर गांजावाला. मग एसी दुरुस्त करायला तुला कोण घरात घेईल? तू, जो साधी सुपारी खात नाहीस.

कबुतरांचं सांगते. महापालिकेच्या माणसांनी ढाबळ तोडली ते तू बघितलंसच. जाळी आणि फळ्या पण घेऊन गेले. शकीलभाई कात्रजहून टेम्पो घेऊन आला आणि सगळी कबुतरं त्याच्या ढाबळीत घेऊन गेला. बावीस होती. म्हणाला, महिनाभर कोंडून ठेवतो, म्हणजे इथली सवय मोडेल. महिन्याने सोडली तर त्याच दुपारी अकरा परत आली. ढाबळ नाही, दाणा नाही, पाणी नाही, तरी कठड्यावर ओळीने बसली. शकीलभाई पुन्हा येऊन घेऊन गेला, पुन्हा सात आली. आता तो म्हणतो, मी काही कात्रज-कसबा बस सर्व्हिस चालवत नाही. मी रोज त्यांना थोडी बाजरी टाकते. भांगेचं बी टाकत नाही. दाणेवाल्याने मला बघून ती गोणीच आत सरकवली. थंडीत कबुतरांना गरम पडतं म्हणून पुण्यातले सगळे कबूतरवाले ते बी घालतात, ते विकायला बंदी नाही, तरीही.

नागोराव काकांवर राग धरू नकोस. मी पण धरला होता. तक्रार त्यांनीच केली होती, मागच्या नव्या बिल्डिंगमधून. पण काकूंना खरंच श्वासाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी कबुतरांमुळे म्हणून सांगितलं होतं. नंतर एकदा ते आपल्या जिन्यात येऊन उभे राहिले. वर येईनात आणि जाईनात पण. अम्मीने विचारलं, काय काम आहे? तर म्हणाले, मी कबुतरांची तक्रार केली होती हो, पोराची नव्हती केली. मग पिशवीतून चार संत्री काढून पायरीवर ठेवली आणि गेले. अम्मीने ती दोन दिवस उचलली नाहीत. तिसऱ्या दिवशी उचलली, आणि एक मला सोलून दिलं.

भाई, ती रोपं दरवर्षी उगवायची. ढाबळीखाली, जिथे कोबा फुटलाय तिथे, सांडलेल्या दाण्यातून. दर जुलैत तू ती उपटायचास, आणि आपल्याला त्यात काही वाटायचं नाही. जशी भिंतीतली पिंपळाची उपटतात तशी. गेल्या जुलैत मी तुला उपटू दिली नाहीत. का, ते तुला अर्धंच माहितीये.

अब्बा गेल्यानंतर दादाजानना झटका आला, डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आठ महिने ते फक्त हं आणि नको म्हणायचे. सकाळी तू त्यांना उचलून गच्चीवर खुर्चीत बसवायचास आणि कामाला जायचास, मी शेजारी मशीन घेऊन बसायचे. आम्हा दोघांचं बरं जमायचं, कोणालाच बोलायचं नसायचं. एक दिवस त्यांचा उजवा हात खाली गेला, त्यांनी त्या रोपाचं एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं, नाकाला लावलं. आणि म्हणाले, नगर. एकदम स्वच्छ. मला वाटलं खालून कोणी बोललं. मग म्हणाले, नगरचा माल. दुपारी तुकड्या-तुकड्याने म्हणाले, अब्बा पोती उघडायचे. मी मशीन थांबवलं, आणि मग रोज थांबवायला लागले.

तू कामावर असायचास, म्हणून तू हे सगळं ऐकलेलं नाहीस. ऐक. दादाजानच्या अब्बांचं, उस्मानमियांचं, इथे कसब्यातच दुकान होतं हे तुला माहितीये. कसलं, ते घरात कोणी मोठ्याने सांगायचं नाही. सरकारी परवान्याचं भांग आणि गांजाचं दुकान. इंग्रजांच्या काळापासून. बाहेर निळी पाटी, तीच जी आपल्या पलंगाखाली होती. माल नगरकडच्या शेतांतून यायचा, तोही सरकारी गोदामातून, शिक्का मारलेल्या पोत्यांत, आणि आबकारीचा इन्स्पेक्टर येऊन शिक्का तपासायचा. तालमीतले पैलवान भांगेला यायचे, बदाम-दुधात घोटून घ्यायचे. शिवरात्रीच्या आधी दोन दिवस गर्दी इतकी की दादाजानना पुड्या बांधायला बसवायचे, सहा-सात वर्षांचे असतील तेव्हा. गोसावी यायचे, दर्ग्याजवळच्या तकियातले फकीर यायचे, एकाच फळीवर बसायचे आणि एकमेकांच्या चिलमीला नावं ठेवायचे. हमाल यायचे पाठ दुखते म्हणून. बायका दारात येत नसत, मूळव्याधीला शेक द्यायला भांगेचा पाला पाहिजे म्हणून पोराला पाठवायच्या. मी दादाजानना विचारलं, तुमचे अब्बा ओढायचे? तर म्हणाले, हात लावत नव्हते. घरात कोणी चिलीम नुसती हातात धरली तरी चप्पल बसायची. लोक त्यांना सलाम करायचे, पण त्यांच्या घरी मुलगी द्यायला कोणी तयार नसायचं. त्या धंद्याची इज्जत तेव्हाही एवढीच होती.

मग स्वातंत्र्यानंतर दारूबंदीचा कायदा आला, त्यात भांग-गांजा पण आला. पुढच्या सालचा परवाना मिळाला नाही. उरलेला माल इन्स्पेक्टरने सील केला आणि नदीकाठी नेऊन जाळला. दादाजान मागे पळत गेले होते. म्हणाले, ओलसर होता, नुसता धूर झाला. दोन गोसावी वारा बघून पलीकडे जाऊन बसले, आणि इन्स्पेक्टर ओरडला, उठा तिथून. भाई, हे सांगताना ते हसले. तोंड एकाच बाजूने हललं, पण हसले. मी खाली पळत जाऊन अम्मीला बोलावलं, तोवर थांबले होते.

पान गेलं, फूल गेलं, बी तेवढं विकायला राहिलं. म्हणून उस्मानमियांनी पक्ष्यांच्या दाण्याचं दुकान टाकलं, आणि न खपलेला दाणा संपवायला कबुतरं पाळली. आपल्या घरात कबुतरं अशी आली, माहिती होतं तुला? पुढे ते दुकानही गेलं, दादाजान बेकरीत लागले. मग पंच्याऐंशी साली दिल्लीचा मोठा कायदा आला. त्यानंतर तकियातल्या एका म्हाताऱ्या फकिराला चिलमीसकट नेलं. दादाजान म्हणाले, कालपर्यंत पोलीसही त्यांच्याकडून तावीज घ्यायचे. तो फकीर परत आला तेव्हा कोणी ओळख दाखवली नाही. मी पण नाही दाखवली, असं म्हणाले.

तू मला म्हणाला होतास, आशू, हे घरात ठेवायचं नसतं, जमाना वेगळा आहे. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग तूच म्हणालास, ठीक आहे, दादाजान बोलतायत तोवर राहू दे, पण टाकीच्या मागे सरकव. इथून पुढचं तुला माहीत नाही, किंवा असेल, तू कधी विचारलं नाहीस. सरकवता येण्यासारखी ती नव्हतीच, कोब्याच्या भेगेत मुळं अडकलेली. म्हणून तू कामावर असताना मी ती अलगद काढली, तेलाच्या तीन डब्यांत माती भरून लावली. वाकायला लागली तेव्हा पडद्याच्या जुन्या दांड्या खोवल्या आणि माझ्या शाळेच्या लाल रिबिनी बांधल्या. टाकीच्या मागे ठेवली नाहीत. तिथून दादाजानना दिसली नसती. ऑक्टोबरपर्यंत माझ्या खांद्याला लागली होती. मला माहीत होतं ती काय आहेत. मला वाटत होतं की आपल्या घरातली आहेत, तर आपलीच आहेत.

राधा मॅडमनी मला समजावलं की सगळं या एका गोष्टीवर अडलंय, उगवलेलं की लावलेलं. आपोआप उगवलं तर ती लागवड नाही. डबे, दांड्या, रिबिनी, पाणी, म्हणजे लावलं. भेगेतच राहिली असती तर पोलीस ती उपटून निघून गेले असते.

आणि तो मंगळवार. सकाळी दहा वाजता चार जण तोंडाला मास्क लावून कबुतरांसाठी आले, बरोबर एक हवालदार, नुसता बंदोबस्ताला. माझ्या हातात पाण्याचा मग होता, मी झाडांनाच पाणी घालत होते. हवालदार कठड्याला टेकून मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली, डबे बघितले, परत बघितले. विचारलं, हे कोणी लावलं? साधंच विचारलं, ओरडला नाही. मी, मी म्हणायचं होतं. किंवा उगवलंय असं तरी. भाई, आवाज आलाच नाही. आणि मागून दादाजान म्हणाले, आमचं आहे. परवाना आहे.

हवालदार म्हणाला, परवाना? कोणी दिला, पेशव्यांनी? मास्कवाले हसले. दादाजानना ते लागलं. त्यांनी मला हात केला, जा, पाटी आण. आणि मी गेले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, अम्मीलाही नाही. तिला वाटतं पाटी पोलिसांना झडतीत सापडली. झडती झालीच नव्हती. मी स्वतः खाली आले, पलंगाखाली वाकले, पाटी काढली, ओढणीने पुसली आणि वर नेऊन दादाजानच्या मांडीवर ठेवली. लहानपणापासून ते सांगतील ते आणून द्यायचं, एवढंच मला येतं. त्या हवालदाराने पाटी वाचली, सरकारमान्य भांग व गांजा विक्री, आणि त्याचं हसू गेलं. त्याने फोटो काढला आणि साहेबांना फोन लावला. पंचनाम्यात आता लिहिलंय की हा कुटुंबाचा पूर्वापार व्यवसाय आहे.

तू खडकवासल्याहून काम अर्धं टाकून आलास. हेल्मेट पण काढलं नव्हतंस. तू माझ्या हातातला पाण्याचा मग बघितलास, रिबिनी बघितल्यास, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, मी लावलीत, या दोघांना काही समजत नाही. मी तिथेच उभी होते. तू जिना उतरून गेलास तरी मी तिथेच उभी होते.

दुपारी दादाजाननी विचारलं, अयान कुठे? अम्मी रडत होती, म्हणून मी सांगितलं, परवाना नवीन करून आणायला गेलाय. आयुष्यात पहिल्यांदा मला पटकन उत्तर सुचलं आणि ते हे. मग रोज तेच. साहेब भेटला का? आज साहेब जेवायला गेला होता. फॉर्म दिला का? दिला, पण फोटो चुकीच्या साइजचा होता. आज काय झालं? आज सर्व्हर बंद आहे. ते मान हलवायचे. सरकारी काम असंच असतं म्हणायचे. एकदा म्हणाले, त्याला सांग, आबकारीच्या कारकुनाशी नीट बोल, माझे अब्बा त्याला आप म्हणायचे. मी हो म्हटलं, सांगते.

झाडं नेल्यावर बोलणं कमी होत गेलं. जानेवारीत ते गच्चीवर यायला नको म्हणायला लागले. मग जेवायला नको म्हणायला लागले. अम्मी तुला मुलाखतीत सांगायची, दादाजान ठीक आहेत, तुझी वाट बघतायत. वाट बघत होते ते खरं होतं.

आता लिहायचं ते लिहिते. गेल्या गुरुवारी दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या वेळी दादाजान गेले. झोपेत नाही, जागे होते, माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, मिळाला? मी म्हटलं, मिळाला, भाई घेऊन निघालाय. विचारलं, किती सालाचा? मी म्हटलं, पाच. म्हणाले, कमी दिला. त्यानंतर काही नाही. मातीला तुला आणण्यासाठी अर्ज करता आला असता, राधा मॅडम त्याच दिवशी करायला तयार होत्या. अम्मीने करू दिला नाही. म्हणाली, बेड्या घातलेला नातू खांदा द्यायला नको, आणि तारखेपर्यंत त्याला कळवू पण नका, तो आत मोडून पडेल. नागोराव काका कब्रस्तानापर्यंत चालत आले होते. तुझ्या जागी शकीलभाईने खांदा दिला. मी अम्मीचं ऐकणार होते. पण तू चोवीस तारखेला कबूल करणार आहेस ते दादाजान असेपर्यंत घरी यायला, आणि त्यासाठी दहा वर्षं पणाला लावणार आहेस, हे मॅडमनी काल सांगितलं, मग मला गप्प बसता येईना. भाई, मी त्यांना सगळं सांगितलंय, डबे, रिबिनी, पाटी, सगळं. मी सतरा वर्षांची आहे, माझं मुलांच्या न्याय मंडळापुढे चालेल, त्या म्हणाल्या त्या बरोबर येतील. लिहून दिलंय, सही पण केली. तोंडी विचारतील तेव्हा आवाज येईल की नाही माहीत नाही, पण कागद तर आहे. तू फक्त खरं सांग, की मी लावली नाहीत. मग तारखा पडतील, वेळ लागेल, कदाचित पुढची थंडी पण जाईल, मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलंय. जाऊ दे. घाई करून गाठावं असं आता इथे कोणी राहिलेलं नाही. तुला उशीर झाला तरी चालेल.

तुझीच, तेव्हा गप्प राहिलेली,
आशू